ठाणे-नवी मुंबईहून थीम पार्टीला पहिल्यांदा जाताना: बेत कसा आखावा

आलिशान नाइटक्लबमधल्या थीम पार्टीची जाहिरात पाहिली की मंडळींचे लक्ष आधी कपड्यांकडे जाते, मग तिकिटाकडे, आणि घरी परतायचे कसे हा विषय रात्री दीड वाजता रस्त्यावर उभे राहिल्यावर निघतो. ऑफिसमधले नवे सहकारी आणि मित्रमंडळी यांच्यासाठी असे बेत मी बऱ्याचदा आखत आले आहे, आणि त्यावरून माझे ठाम मत झाले आहे की हा क्रम नेमका उलटा हवा. ठाणे, ऐरोली, वाशी किंवा खारघरला राहणाऱ्यांनी परतीचा मार्ग आधी पक्का करावा, कारण क्लब कोणता निवडायचा, तिथे किती वाजेपर्यंत थांबायचे, किती जणांनी जायचे आणि माणशी किती खर्च धरायचा, या सगळ्याची उत्तरे त्यातूनच निघतात. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत.

१. परत कसे यायचे, हे सर्वांत आधी ठरवा

मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई या पोलीस आयुक्तालयांच्या हद्दीत मद्य देणारी ठिकाणे साधारणपणे रात्री दीड वाजता बंद होतात. काही तारांकित हॉटेलांना त्याहून जास्त वेळेची परवानगी असते. मध्य आणि हार्बर मार्गांवरच्या शेवटच्या लोकल मात्र मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात सुटून जातात आणि पहिल्या गाड्या पहाटे चारच्या पुढे सुरू होतात. म्हणजे पार्टी संपते तेव्हा लोकल नसते, आणि ठाणे-वाशी-पनवेल हा ट्रान्सहार्बर मार्गही बंद असतो. अशा वेळी तीनच पर्याय उरतात: शेवटची लोकल गाठायची म्हणून पार्टी रंगात असतानाच निघणे, कॅबने येणे, किंवा मुंबईतच कुणाकडे मुक्काम करणे. यातला कोणता पर्याय निवडला, हे गटातल्या प्रत्येकाला आधीच ठाऊक असले पाहिजे. अर्धे जण लोकलसाठी घाईला आलेले आणि अर्धे नाचायला निघालेले, अशी स्थिती झाली की सगळ्यांच्याच रात्रीवर विरजण पडते.

शेवटच्या लोकलने येणार असाल, तर त्या दिवशीचे वेळापत्रक एम-इंडिकेटर या लोकलच्या वेळा दाखवणाऱ्या ॲपवर पाहून ठेवा, रविवारी जाणार असाल तर मेगाब्लॉकची, म्हणजे दुरुस्तीसाठी गाड्या बंद ठेवण्याची, सूचनाही वाचा, आणि क्लबपासून स्टेशनपर्यंतच्या वेळेत किमान पंधरा मिनिटे जास्तीची धरा. ३१ डिसेंबरच्या रात्री रेल्वे विशेष लोकल सोडते. त्यांच्या वेळा आदल्या काही दिवसांत जाहीर होतात.

कॅबने येणार असाल, तर एक गोष्ट नव्याने राहायला आलेल्यांच्या लक्षात येत नाही. लोअर परळ, वरळी, कुलाबा या भागांत रिक्षा चालत नाहीत. त्यांची हद्द सायन आणि वांद्र्यालाच संपते. त्यामुळे तिथून निघायचे तर टॅक्सी किंवा ॲपवरची कॅब एवढाच मार्ग असतो, आणि दीड वाजता सगळे क्लब एकाच वेळी रिकामे होत असल्यामुळे भाडे चढलेले असते, शिवाय ठाणे किंवा खारघर ऐकून चालक फेरी रद्द करतात. यावर मला सापडलेले सर्वांत चांगले उत्तर म्हणजे ओळखीच्या ट्रॅव्हल्सवाल्याकडून जाण्या-येण्यासाठी सहा किंवा सात आसनी गाडी आधीच ठरवणे. पाच-सहा जणांत वाटले की ते भाडे जड वाटत नाही आणि चालक बाहेर थांबलेला असतो. ठरवतानाच थांबण्याचे पैसे, रात्रभत्ता आणि पार्किंग भाड्यात धरले आहे का, हे विचारून घ्या.

नवी मुंबईकरांनी दक्षिण मुंबईतून येताना अटल सेतूचा विचार करावा. जानेवारी २०२४मध्ये सुरू झालेल्या या सुमारे २१.८ किलोमीटरच्या सेतूवर दुचाकी आणि रिक्षांना बंदी आहे आणि कारला टोल भरावा लागतो. उलवे, पनवेल किंवा खारघरला जाणाऱ्यांचा त्याने वेळ वाचतो. वाशी-ऐरोलीकरांना मात्र रात्री रिकामा असलेला सायन-पनवेल मार्ग पुरेसा आहे. वाशी, ऐरोली आणि मुलुंडच्या नाक्यांवर हलक्या वाहनांना ऑक्टोबर २०२४पासून टोल नाही, तेव्हा चालकाने त्या नावाखाली पैसे मागितल्यास देऊ नका. घोडबंदर रस्त्यावर रात्री अवजड वाहनांची वर्दळ वाढते, त्यामुळे कासारवडवलीच्या पुढे राहणाऱ्यांनी जास्तीचा वेळ धरावा. ठाणे स्टेशनवरून रिक्षाने घरी जाणाऱ्यांनी मध्यरात्री बारा ते पहाटे पाच या वेळेत मीटरच्या भाड्यावर पंचवीस टक्के जास्त द्यावे लागतात हे माहीत असू द्यावे, म्हणजे वाद होत नाही.

स्वतःची गाडी नेणार असाल, तर चालवणारा त्या रात्री मद्याला अजिबात हात लावणार नाही, हे निघण्यापूर्वीच ठरले पाहिजे. कायद्याने १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅम मद्यांश ही मर्यादा आहे. ती ओलांडल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५नुसार पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. पण दंडाच्या भीतीपेक्षा इतरांच्या जिवाचा विचार मोठा आहे, आणि ‘दोनच पेग घेतले आहेत’ हे वाक्य मी कुणाचेही ऐकून घेत नाही.

२. तारीख आणि जागा निवडा

परतीचा हिशेब झाला की जागा आपोआप निवडली जाते. लोअर परळ, वरळी, वांद्रे-कुर्ला संकुल, अंधेरी आणि जुहू इथे मोठ्या थीम पार्ट्या होतात हे खरे. परंतु पहिल्याच वेळी वाशी, बेलापूर, पाम बीच रस्ता किंवा ठाण्यातच एखादे ठिकाण निवडले, तर परतीचा ताण निम्म्याहून कमी होतो. प्रकार आवडतो की नाही, हे कळायला तेवढे पुरेसे आहे.

तारीख ठरवताना ड्राय डे पाहा. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे दिवस बहुतेकांना माहीत असतात, पण निवडणुकीत मतदान संपण्याआधीचे ४८ तास आणि मतमोजणीचा दिवस अनेकांच्या लक्षातून सुटतात. विसर्जनाच्या दिवसांसाठी जिल्हाधिकारी वेगळे आदेश काढतात, आणि ठाणे व मुंबई हे वेगळे जिल्हे असल्याने एका ठिकाणचा आदेश दुसऱ्या ठिकाणी लागू असेलच असे नाही.

जाहिरातीत गच्ची, पूल किंवा हिरवळीचे छायाचित्र असेल तर संगीत किती वाजेपर्यंत आणि कुठे वाजणार आहे, हे विचारा. ध्वनिप्रदूषण नियम २०००नुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सरकार वर्षातल्या ठराविक दिवसांपुरती बारापर्यंतची सवलत देते. त्यामुळे गच्चीवरच्या पार्टीतले लोक दहानंतर आतल्या लहान दालनात कोंबले जाण्याची शक्यता असते, आणि तिकिटाचे पैसे तर गच्चीचे घेतलेले असतात.

३. वय, परवाना आणि सोबत ठेवायच्या गोष्टी

महाराष्ट्रात सौम्य बीअर आणि वाइनसाठी किमान वय २१ आणि इतर मद्यासाठी २५ वर्षे आहे. देशातल्या अनेक राज्यांत ही मर्यादा २१ किंवा त्याहून कमी असल्यामुळे बाहेरून आलेली तेवीस-चोवीस वर्षांची मुले इथे गोंधळतात. काही क्लब २१ वर्षांखालच्यांना आतच घेत नाहीत, काही पार्ट्यांना ही अट २५ची असते. गटातला एकजण जरी वयात बसत नसेल, तरी बेत बदलणे हाच सरळ मार्ग आहे. याखेरीज, राज्यात मद्यपानासाठी परवाना लागतो. एका दिवसाचा परवाना मद्य देणाऱ्या ठिकाणीच पाच रुपयांत मिळतो, वर्षाचा शंभर रुपयांत आणि आजीवन हजार रुपयांत राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून काढता येतो. अधूनमधून जाणार असाल तर आजीवन परवाना काढून मोकळे व्हा.

सोबत एवढे असू द्या:

– जन्मतारीख असलेले सरकारी ओळखपत्र. डिजिलॉकरमधला वाहन परवाना कायद्याने मूळ परवान्याइतकाच ग्राह्य असतो, तरी दारावरचा वाद टाळायचा तर प्लास्टिकचे कार्डच न्या. आधार दाखवावे लागलेच तर शेवटचे चार अंक सोडून बाकीचे झाकलेली प्रत दाखवा, आणि त्याचा फोटो काढू देऊ नका.
– मद्यपान परवाना, असल्यास.
– तिकिटाचा किंवा बुकिंगचा क्यूआर कोड, स्क्रीनशॉट काढून ठेवलेला. तळघरात किंवा काचेच्या इमारतीत नेटवर्क जाते.
– एक कार्ड आणि थोडी रोकड. यूपीआयची दिवसाची मर्यादा गटाचे बिल भरणाऱ्याने आधीच तपासावी.
– पूर्ण चार्ज केलेला फोन आणि लहानशी पॉवर बँक.
– कानात घालायचे मऊ बोळे. स्पीकरजवळ तासभर उभे राहिल्यावर यांचे मोल कळते.
– घरच्या कुलपाची किल्ली, जेणेकरून पहाटे कुणाला उठवावे लागणार नाही.

४. बुकिंग करताना काय विचारावे

प्रवेशाच्या साधारण तीन पद्धती असतात. गेस्ट लिस्टमध्ये नाव दिले की ठराविक वेळेपर्यंत, बहुधा दहा-साडेदहापर्यंत, प्रवेश मोफत किंवा कमी दरात असतो, आणि ती वेळ टळली की नाव असून उपयोग होत नाही. कव्हर चार्जमध्ये माणशी ठराविक रक्कम भरून आत जायचे. टेबल बुकिंगमध्ये गटाने किमान अमुक इतक्या रकमेचे खाणे-पिणे घ्यावे अशी अट असते.

कव्हर चार्ज भरण्यापूर्वी ती रक्कम खाण्यापिण्यातून वळती होणार का, पूर्ण की अर्धी, आणि किती वाजेपर्यंत, हे लेखी विचारा. मेसेजवरचे उत्तरही चालते, पण फोनवरचे चालत नाही. ‘रिडीमेबल’ म्हणून विकलेले कव्हर साडेबाराला बाद होत असेल आणि काउंटरवर अर्धा तास रांग असेल, तर तुमचे पैसे कागदावरच राहतात.

टेबलाचा हिशेब मात्र नीट समजून घ्या, कारण पैशांवरून मैत्री बिघडते ती इथेच. समजा, आठ जणांच्या टेबलाची किमान रक्कम चाळीस हजार आहे. माणशी पाच हजार, असे सगळे मान्य करतात. ऐन संध्याकाळी दोघे गळाले की उरलेल्या सहा जणांवर माणशी ६,६००हून जास्त येतात, आणि कर त्याहून वेगळे. म्हणून ज्याने बुकिंग केले त्याने सर्वांचा वाटा आठवडाभर आधी गोळा करावा आणि ‘नंतर देतो’ म्हणणाऱ्याचे नाव यादीत धरू नये. हे रोखठोक वाटेल, पण गटासाठी हेच बरे. किमान रकमेत कर धरले आहेत की वर लागणार आहेत, हेही विचारा; खाद्यपदार्थांवर जीएसटी लागतो, मद्यावर तो लागत नाही, तर राज्याचा व्हॅट लागतो, त्यामुळे बिलावर दोन वेगळे कर दिसणे योग्यच आहे.

फक्त मुलांचा गट असेल तर ‘स्टॅग’ प्रवेश मिळतो का, आधी विचारा. अनेक क्लब तो नाकारतात किंवा जास्त दर लावतात. दारात उभ्या असलेल्या अनोळखी मुलींना ‘आमच्यासोबत आत चला’ म्हणण्याचा प्रकार कुणी सुचवला, तर तो त्यांच्यासाठी त्रासदायक असतो, तेव्हा तसे करू नका.

पास क्लबच्या अधिकृत खात्यावरून किंवा नावाजलेल्या तिकीट ॲपवरूनच घ्या. नाताळ ते ३१ डिसेंबर या आठवड्यात इन्स्टाग्रामवर खोट्या नावाने पास विकणारे उगवतात, यूपीआयवर पैसे घेतात आणि खाते बंद करतात. फसवणूक लक्षात येताच १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच कळवा, कारण सुरुवातीच्या काही तासांतच पैसे गोठवण्याची संधी असते. दुसरा सापळा डेटिंग ॲपवरचा: पहिल्याच भेटीत समोरची व्यक्ती ठराविक क्लबचा हट्ट धरते, मेन्यूत नसलेली पेये मागवली जातात, ती निघून जाते आणि बिल हजारोंचे येते. पहिली भेट तुम्ही निवडलेल्या जागी ठेवा.

५. थीम समजून घ्या, मग कपडे

थीम पार्टीचा खरा आनंद इथे आहे, आणि पैशांपेक्षा तो विचारावर जास्त अवलंबून आहे. जाहिरातीतला एक शब्द वाचून खरेदीला धावू नका. त्याच क्लबच्या आधीच्या पार्टीचे फोटो पाहा. लोक नखशिखांत वेश करून येतात की नेहमीच्या कपड्यांवर एखादीच वस्तू घालतात, हे त्यावरून कळते.

१९२०च्या जॅझ युगाची थीम असेल तर मुलींना सरळ, कमरेत सैल असलेला पोशाख, लांब मोत्यांची माळ आणि कपाळपट्टी पुरते. मुलांना वेस्टकोट आणि गॅलिस. आर्ट डेको म्हटले असेल तर प्रेरणेसाठी फार दूर जायला नको, मरीन ड्राइव्हच्या इमारतींच्या गोल बाल्कन्या, पट्टे आणि उगवत्या सूर्याच्या नक्षी डोळ्यांपुढे आणा. याच वास्तूंच्या समूहाला २०१८मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. सत्तरच्या दशकातल्या हिंदी चित्रपटांची थीम सर्वांत स्वस्तात होते, कारण ठिपक्यांची साडी, रुंद पायांची पँट आणि मोठ्या फ्रेमचा चष्मा घरात किंवा मामा-मावशीकडे सापडतोच. राजेशाही थीमला आजीची पैठणी आणि फेटा यांच्या तोडीचे भाड्याच्या दुकानात काही मिळत नाही. मात्र पुरुषांच्या पायांत चप्पल असल्यास अनेक क्लब आत सोडत नाहीत आणि कोल्हापुरीही त्यात मोडते. तेव्हा मेसेज करून आधी विचारा किंवा मोजडी घाला. एखाद्या समाजाचा, व्यवसायाचा किंवा देवतेचा वेश गमतीखातर करू नये, असे मी गटातल्यांना आवर्जून सांगते.

शाळांच्या स्नेहसंमेलनांना कपडे पुरवणारी दुकाने मोठ्या मापाचे पोशाखही भाड्याने देतात. पण डिसेंबर-जानेवारी हा स्नेहसंमेलनांचाच हंगाम असतो, त्यामुळे वर्षअखेरीच्या पार्टीसाठी तीन-चार आठवडे आधी जाऊन माप द्या. पोशाख ताब्यात घेताना दुकानातल्या उजेडात तो पसरून पाहा: गळ्याजवळची निघालेली टिकली, काखेत उसवलेली शिवण, घेराला लागलेला मेकअपचा डाग. प्रत्येकाचा फोटो दुकानदारासमोर काढा आणि अनामत रकमेच्या पावतीवर तशी नोंद करून घ्या. चेन एकदा वर-खाली करून बघा. परत करण्याची तारीखही लिहून घ्या, कारण एका दिवसाच्या उशिराला पूर्ण दिवसाचे भाडे लागते.

खेळण्यातली तलवार किंवा पिस्तूल दारातच काढून घेतात, म्हणून नेऊच नका. मुखवटा ओळखपत्र दाखवताना उतरवावा लागतो. नायलॉनचा मोठा घेर, पिसे आणि झालरी पेटत्या सिगारेटपासून लांब ठेवा. चार-पाच तास उभे राहायचे असल्यामुळे पायांत रुळलेलेच बूट घाला.

६. दारातून आत

गेस्ट लिस्टची वेळ संपण्याच्या अर्धा तास आधी पोहोचा. पोटभर जेवून निघा. आतले पदार्थ महाग असतात आणि उशिरा येतात. सगळा गट एकत्र आत जा आणि मनगटावर बांधलेली पट्टी सैल वाटल्यास तिथेच बदलून घ्या, ती निसटली तर पुन्हा प्रवेश मिळत नाही.

आत गेल्यावर पेय मागवण्याआधी बाहेर पडण्याचे दोन मार्ग शोधा. २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर लोअर परळच्या कमला मिल आवारातल्या आगीत १४ जणांचा जीव गेला, आणि त्यातले बरेच जण जीव वाचवायला स्वच्छतागृहात शिरले होते व तिथेच गुदमरले. म्हणून आपत्कालीन दार कुठे आहे, त्याच्यासमोर खुर्च्या किंवा खोकी रचलेली नाहीत ना, ते उघडते का, हे स्वतः जाऊन पाहा आणि गटाला दाखवा. दार बंद असेल तर व्यवस्थापकाला सांगा. त्याने टाळाटाळ केली तर मी तरी तिथून निघणेच पसंत करीन. छताला गवत किंवा कापड लावलेले असताना आतिशबाजी होत असेल, तरीही तेच.

आपला ग्लास नजरेआड झाला तर तो पुन्हा घेऊ नका. दोन पेयांमध्ये एक ग्लास पाणी प्या. बाटलीबंद पाण्याला छापील किमतीपेक्षा जास्त आकारणी दिसेल. हॉटेलांना तशी मुभा सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७च्या निकालाने आहे, त्यामुळे त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. प्रत्येकाने एका जोडीदाराची जबाबदारी घ्यावी, आणि जोडीदाराला सांगितल्याशिवाय बाहेर जाऊ नये. कुणी त्रास देत असेल तर बाउन्सरला किंवा बारवरच्या कर्मचाऱ्याला लगेच सांगा. गरज पडल्यास ११२ हा पोलिसांचा आणि १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक आहे. एखादा शुद्धीवर नसेल तर त्याला पाठीवर न झोपवता कुशीवर वळवा, एकटे सोडू नका आणि ‘झोपला की बरा होईल’ असे म्हणून रुग्णवाहिका बोलावणे लांबवू नका.

७. बिल आणि बाहेर पडणे

शेवटची ऑर्डर बहुधा एकच्या सुमारास घेतात. त्याआधीच, साडेबारापर्यंत, बिल मागवा, कारण दिवे लागल्यावर घाईत कुणी नीट वाचत नाही. मागवलेल्या वस्तू मोजा आणि वळते झालेले कव्हर वजा केले आहे का ते पाहा. सेवाशुल्क आपोआप लावता येत नाही, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२मध्ये स्पष्ट केले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५मध्ये ते उचलून धरले. तेव्हा ते काढायला शांतपणे सांगा आणि नकार मिळाला तर बिलाची प्रत ठेवून १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. सेवा आवडली असेल तर टिप वेटरच्या हातात द्या.

गाडीवाल्याला निघण्याच्या वीस मिनिटे आधी फोन करा आणि क्लबच्या दारापासून थोडे पुढे, उजेडातल्या एखाद्या खुणेपाशी बोलवा. ॲपवरची कॅब असेल तर गाडीचा क्रमांक जुळवूनच बसा आणि प्रवासाचा दुवा घरच्यांना पाठवा. सर्वांत लांब राहणारी व्यक्ती एकटी मुलगी असेल, तर उतरण्याचा क्रम बदला किंवा तिच्यासोबत एकाने शेवटपर्यंत जावे. दहा मिनिटांचा वळसा पडला तरी चालेल. प्रत्येकाने घरात पाऊल ठेवल्यावर गटावर मेसेज टाकावा आणि बेत आखणाऱ्याने शेवटचा मेसेज येईपर्यंत जागे राहावे.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तीन कामे उरकून घ्या. कार्ड दोनदा तर वापरले गेले नाही ना, हे बँकेच्या संदेशांवरून तपासा. काही विसरले असेल तर क्लबला तीन-चारच्या सुमारास, कर्मचारी कामावर आल्यावर, फोन करा. आणि भाड्याचा पोशाख न धुता, फक्त वाऱ्यावर टाकून, पावती आणि ते फोटो सोबत घेऊन ठरल्या दिवशी दुकानात द्या, कारण घरी धुतलेल्या जरीचा रंग फुटला तर अनामत रक्कम परत मिळत नाही.